काँक्रीट जमिनीवरील लेप

काँक्रीट जमिनीवरील लेप : मोटारगाडी ठेवण्याची जागा (गॅरेज), कारखाना, दुरुस्तीशाळा, कोठार इ. ठिकाणांच्या काँक्रीटच्या जमिनीचे झीज, तेल, पाणी, लवणे व रसायने यांपासून रक्षण व्हावे, तिची धूळ सुटू नये आणि ती धुण्यापुसण्यास सोपी व्हावी म्हणून तिच्यावर जो टिकाऊ व घट्ट चिकटून राहणारा थर देतात, त्याला जमिनीवरील लेप म्हणतात. भिंतीवरील रंग मुख्यत्वे शोभेसाठी असतो व तो उडाला, तर पुन्हा देता येतो. जमिनीवरील लेपाचे तसे नाही. तो एकदा सुटू लागला की, त्यावर दिलेला नवा थरही त्याच्याबरोबर सुटतो आणि अखेरीस सर्व लेप खरवडून काढण्याचे पहिल्यापेक्षा मोठे काम अंगावर येते. त्यामुळे या विषयात लेपद्रव्याच्या निवडीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व लेपाखालील काँक्रीटच्या स्थितीला आहे.

या लेपांचा घरगुती वापर मुख्यतः अमेरिका व कॅनडा या देशांत वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील उपनगरांत जी घरे बांधण्यात आली, त्यांतील बहुसंख्य घरांना एक किंवा दोन गाड्यांचे गॅरेज जोडलेले असते. त्याची जमीन म्हणजे मातीवर पसरलेल्या खडीच्या थरावर ओतलेला सु. १० सेंमी. जाडीचा काँक्रीटचा तक्ता असून त्याला दाराकडे थोडा उतार दिलेला असतो. थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ व कॅल्शियम क्लोराइड टाकतात. गाडीला चिकटलेला खारट चिखल रात्री गॅरेजमध्ये वितळतो व काँक्रीटमध्ये मुरतो. पाणी गोठताना सु. ९ टक्के प्रसरण पावते. त्यामुळे छिद्रांत मुरलेले पाणी पुनःपुन्हा गोठून व वितळून काँक्रीटचे पापुद्रे निघू लागतात. गॅरेजमध्ये हत्यारे, कपडे धुण्याचे यंत्र, मुलांच्या सायकली इ. वस्तूही असल्याने ही जागा पुष्कळदा घरातील एक खोलीच ठरते. या परिस्थितीतून ‘जमीन रंगविणे’ हे तेथील गृहस्थांचे सुट्टीच्या दिवशी स्वतः करावयाचे काम झाले व त्यासाठी तयार संच बाजारात आले. भारतात अशा गॅरेजचे प्रमाण कमी आहे. येथील वापराचा विचार पुढे केला आहे.

काँक्रीटचे स्वरूप : जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यानंतर प्रसारात आलेल्या या सिमेंटची पाण्याशी विक्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेटांची सजल संयुगे व कॅल्शियम हायड्रॉक्साइड (चुना) तयार होतात. या विक्रियेला लागते त्याहून जास्त पाणी काँक्रीट ओतताना घालावे लागते. हे जादा पाणी उडून जाताना मागे केसासारख्या बारीक नलिकांचे जाळे राहते. म्हणून काँक्रीट कितीही कठीण दिसले, तरी ते सच्छिद्र असते व केशाकर्षणाने खालच्या मातीतील ओल वर खेचून घेते. दुसरे असे की, छिद्रांतील पाणी चुन्यामुळे तीव्र क्षारीय असते. तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. ओतलेले काँक्रीट थापीने घोटताना पाणी व बारीक सिमेंट वर येऊन दुधावरील सायीसारखा एक दुबळा थर बनतो. पांढरी धूळ सुटते ती याच थरातून. लेप या सायीला चिकटला, तर तो काँक्रीटला चिकटला असे म्हणता येत नाही.

लेपावर येणारा भार पाहिला, तर अपयशाचे मूळ दाबात नसते हे ध्यानात येते. सु. १,२०० किग्रॅ. वजनाच्या गाडीचे एक चाक सु. ३०० किग्रॅ. भार सु. १५० चौ. सेंमी. क्षेत्रावर टाकते, म्हणजे दाब दर चौ. सेंमी.ला केवळ २ किग्रॅ. होतो. साधे काँक्रीट याच्या शंभरपट दाब सहन करते. लेप तुटतो तो ओढला गेल्याने व सोलला गेल्याने.

लेपद्रव्ये : सुरुवातीस जमिनीसाठी जवस तेलाचे किंवा अल्किड रेझिनाचे रंग वापरीत. त्यांच्या रेणूंतील एस्टर बंध काँक्रीटमधील क्षाराने तुटतात. साबण तयार करताना होणाऱ्या विक्रियेसारखीच ही विक्रिया असून तिच्यामुळे रंग मऊ व चिकट होऊन निघून येतो. क्लोरिनीकृत रबराचे रंग क्षाराला टिकत, पण तेल व विद्रावके यांपुढे त्यांचा निभाव लागत नसे.

या क्षेत्रात खरा बदल एपॉक्सी रेझिनांमुळे झाला. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३४ मध्ये एपॉक्साइड व अमाइने यांच्या संयोगाविषयी एकस्वासाठी अर्ज केला. स्वित्झर्लंडमध्ये प्येर कास्तां व अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिसफिनॉल-ए या संयुगापासून उपयुक्त रेझिने तयार केली. १९४० नंतरच्या दशकात त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. भारतीय घरांत ‘ॲराल्डाइट’ या नावाने परिचित असलेला दोन नळ्यांतील चिकट पदार्थ याच कुळातील आहे [⟶ एपॉक्सी रेझिने].

एपॉक्सी लेप दोन डब्यांत येतो. एकात रेझीन, रंगद्रव्य व भरणद्रव्य असते. दुसऱ्यात कठिनक म्हणजे बहुधा अमाइन वर्गातील संयुग असते. दोन्ही एकत्र केल्यावर रेझिनाच्या टोकांवरील तीन अणूंची ताणलेली कडी उघडते व तेथे अमाइन जोडले जाते. अशा असंख्य जोडण्यांमधून त्रिमितीय जाळे तयार होते व ते उष्णतेने पुन्हा वितळत नाही. येथे कठिनक हा केवळ विक्रिया जलद करणारा पदार्थ नसून तो स्वतः जाळ्याचा भाग होतो. म्हणून ‘लवकर वाळावे’ या हेतूने कठिनक जास्त घातल्यास लेप लवकर वाळत नाही. उलट तो कायमचा दुबळा राहतो. उत्पादकाने दिलेले प्रमाण काटेकोरपणे पाळावे लागते व मिश्रण ढवळताना डब्याच्या कडा व तळ खरवडून घ्यावे लागतात. वाळलेल्या जमिनीवर मधूनच आढळणारे चिकट डाग बहुधा कडेला राहिलेल्या न मिसळलेल्या रेझिनाचे असतात.

ही विक्रिया उष्णतादायी आहे. मिश्रण बादलीत तसेच राहिल्यास उष्णता बाहेर पडू शकत नाही, विक्रियेचा वेग वाढत जातो व अर्ध्या तासाच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, त्याचा गोळा होतो. तेच मिश्रण जमिनीवर पातळ पसरले, तर बराच काळ काम करण्याजोगे राहते. म्हणून अनुभवी कारागीर एका वेळी थोडेच मिश्रण कालवितात व ते लगेच जमिनीवर ओततात.

बाजारात ‘एक डब्याचा एपॉक्सी रंग’ या नावानेही काही रंग मिळतात. त्यांत एपॉक्सीचा थोडा अंश मिसळलेला असला, तरी तो मूलतः ॲक्रिलिक किंवा अल्किड रंगच असतो आणि वर वर्णन केलेले जाळे त्यात तयार होत नाही. पायी वावर असलेल्या जागेस तो पुरतो. गाडीच्या चाकाखाली मात्र त्याच्याकडून दोन-डबी लेपाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

एपॉक्सीचा मोठा दोष म्हणजे सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांनी तो पिवळा पडतो व त्याची भुकटी सुटते. गॅरेजच्या दारालगतचा पट्टा आतील भागापेक्षा वेगळा दिसू लागतो तो यामुळे. त्यावर उपाय म्हणून वरचा थर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनाचा देतात. पॉलियुरेथेनाचे रसायनशास्त्र जर्मनीत ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये विकसित केले. १९९० नंतर पॉलिअस्पार्टिक लेप प्रचारात आले. ते काही तासांतच घट्ट होत असल्याने एका दिवसात काम पुरे करता येते. पण त्यामुळेच चूक सुधारण्यास वेळ मिळत नाही. नवख्याने त्यांच्या वाटेस न जाणे बरे.

जाडी व परिमाण : लेपाचे आयुष्य त्याच्या वाळल्यानंतरच्या जाडीवर अवलंबून असते व ही जाडी डब्यावरील ‘घनांश’ या आकड्यावरून काढता येते. एक लिटर द्रव एक चौ. मी. जागेवर पसरल्यास ओला थर १ मिमी. म्हणजे १,००० मायक्रॉन जाडीचा होतो. ५० टक्के घनांश असलेला एक लिटर लेप ५ चौ. मी.वर पसरला, तर ओला थर २०० मायक्रॉन व वाळल्यावर १०० मायक्रॉन भरेल. ६ मी. × ६ मी. मापाच्या दोन गाड्यांच्या गॅरेजचे क्षेत्रफळ ३६ चौ. मी. असते. तेथे २५० मायक्रॉन जाडीचा शुष्क लेप हवा असेल, तर निव्वळ घनांश ९ लि. लागेल, म्हणजे शंभर टक्के घनांशाचे द्रव्य ९ लि., तर ५० टक्के घनांशाचे १८ लि. घ्यावे लागेल. त्याच जागेसाठी ५० टक्के घनांशाचा ६ लि. लेप वापरल्यास हाती सु. ८३ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाएवढ्या जाडीचा, पापुद्रा येतो. पाणीमिश्रित लेपांचे स्वस्त संच व व्यावसायिक कारागिराचा लेप यांच्या किंमतींत जो मोठा फरक दिसतो, त्याचे बरेचसे उत्तर या हिशोबात आहे. कारखान्यांत आपोआप सपाट होणारे १.५ ते ३ मिमी. जाडीचे थर व वाळू मिसळून थापीने घोटलेले त्याहून जाड थरही घालतात.

ओलाव्याची परीक्षा : लेप वरच्या पाण्याला अडवितो, तसाच तो खालून येणाऱ्या बाष्पालाही अडवितो. उघड्या काँक्रीटमधून ओल नकळत हवेत निघून जात असते व जमीन कोरडी भासते. लेप दिल्यावर हा मार्ग बंद होतो. ओल लेपाखाली साठते, क्षार बरोबर घेऊन येते व लेपाला फोड येतात. ते फोडल्यास आतून पाणी निघते. ज्या घरांच्या जमिनीखाली पॉलिथिनाचा पडदा अंथरलेला नाही, तेथे हा धोका विशेष असतो.

सोपी परीक्षा अशी : सु. ४५ सेंमी. बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करतात व किमान १६ तासांनी तो उचलून पाहतात. प्लॅस्टिकच्या आतील बाजूस दव जमले असेल किंवा खालचे काँक्रीट काळपट झाले असेल, तर लेप देण्याचे काम पुढे ढकलावे. व्यावसायिक कामात कॅल्शियम क्लोराइड झाकणाखाली ६० ते ७२ तास ठेवून त्याचे वाढलेले वजन मोजतात किंवा काँक्रीटमध्ये ठराविक खोलीचे छिद्र पाडून त्यातील सापेक्ष आर्द्रता मोजतात. छिद्राची ही पद्धत अधिक विश्वसनीय आहे. कारण पृष्ठभाग कोरडा असूनही पोटात ओल असू शकते. कोणतीही परीक्षा ती केली त्या दिवसापुरतीच खरी असते. भूजलाची पातळी खाली गेलेली असताना, उदा., महाराष्ट्रात मे महिन्यात, कोरडी ठरलेली जमीन ऑगस्टमध्ये तशी राहीलच असे नाही. नव्या काँक्रीटवर किमान २८ दिवस लेप देऊ नये हा संकेत सर्वत्र आहे. पण तोही पुरेसा आहेच असे धरून चालू नये.

पृष्ठभागाची तयारी : एकूण श्रमांचा मोठा भाग येथे खर्ची पडतो. प्रथम जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून पाहतात. थेंब मुरून काँक्रीट काळसर झाले, तर छिद्रे मोकळी आहेत. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला, तर तेथे तेल, मेण किंवा पूर्वीचा एखादा लेप आहे असे समजावे. तेलाचे डाग क्षारीय अपमार्जकाने (मळ काढणाऱ्या द्रव्याने) ताठ ब्रशाने घासून काढतात. खोल मुरलेल्या तेलासाठी खडूच्या भुकटीसारखा शोषक पदार्थ विद्रावकात कालवून डागावर लिंपतात व वाळल्यावर काढून टाकतात. तेलाने वर्षानुवर्षे भिजलेले काँक्रीट मात्र फोडून नवे घालणेच श्रेयस्कर ठरते.

यानंतर साय काढून पृष्ठभाग खरबरीत करावयाचा असतो. हिऱ्याच्या चकत्या बसविलेल्या यंत्राने घासणे किंवा पोलादी छर्ऱ्यांचा मारा करणे हे उत्तम मार्ग होत. घरगुती कामात हायड्रोक्लोरिक अम्ल वापरण्याची प्रथा आहे. बाजारी अम्लाचा एक भाग तीन ते चार भाग पाण्यात मिसळतात. या वेळी अम्ल पाण्यात ओतावे, पाणी अम्लात कधीही ओतू नये. ओलसर जमिनीवर हे मिश्रण शिंपडल्यावर फेस येतो. तो काँक्रीटमधील कार्बोनेटापासून सुटणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडाचा असतो. जेथे फेस येत नाही तेथे तेल आहे हे उघड होते, कारण तेलाच्या थरातून अम्ल काँक्रीटपर्यंत पोहोचत नाही. फेस थांबल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले अम्ल मारतात व जमीन अनेकदा धुतात. विक्रियेत तयार झालेले कॅल्शियम क्लोराइड मागे राहिल्यास ते हवेतील ओल शोषून घेते व काँक्रीटमधील सळ्या गंजविते. अम्लाच्या वाफेने गॅरेजमधील हत्यारेही एका रात्रीत तांबूस होतात. धुण्यासाठी वापरलेले पाणी काँक्रीटमध्ये मुरतेच व ते वाळण्यास काही दिवस द्यावे लागतात. या प्रतीक्षेत घाई झाल्याने फुकट गेलेली कामे थोडी नाहीत. तयार पृष्ठभाग हाताला मध्यम पॉलिश कागदासारखा लागला पाहिजे.

न हलणाऱ्या भेगा एपॉक्सीच्या लगद्याने भरतात. आकुंचनासाठी मुद्दाम कापलेले सांधे तसेच ठेवणे किंवा लवचिक द्रव्याने भरणे इष्ट. ते ताठ द्रव्याने बुजविल्यास काँक्रीट शेजारी नवी भेग पाडते.

लेप देणे : जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३° से. अधिक व हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी असावी लागते. दमट व थंड हवेत कठिनकातील अमाइनाची हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांच्याशी विक्रिया होऊन पृष्ठभागावर तेलकट पांढुरका थर येतो. तो धुऊन न काढता वर दुसरा थर दिल्यास दोन्ही थर एकमेकांपासून अलग होतात. तापमान चढत असताना छिद्रांतील हवा प्रसरण पावून बाहेर येते व ओल्या लेपात टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. म्हणून काम तापमान उतरू लागल्यावर, दुपारनंतर, सुरू करणे चांगले. प्रथम पातळ आधारथर देऊन तो काँक्रीटमध्ये मुरू देतात. मग कोपरे ब्रशाने व उरलेला भाग लांब दांड्याच्या रोलरने आतून दाराकडे येत रंगवितात. दोन थरांमधील अंतर उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास पहिला थर घासूनच दुसरा द्यावा लागतो. ओली चकचकीत जमीन अतिशय निसरडी होत असल्याने वरच्या थरात गारेची बारीक वाळू किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे कण टाकतात. रंगीत चकत्यांचे कण पसरण्याची पद्धतही लोकप्रिय आहे. त्यांनी जमिनीचे दोष व डाग लपतात. साधारण २५° से. तापमानास एका दिवसाने पायी चालता येते, पण गाडी सु. एक आठवडा बाहेर ठेवावी लागते.

चाकाखालील लेप निघण्याचा प्रकार गॅरेजपुरताच आढळतो. दूरच्या प्रवासाने तापलेले टायर जमिनीवर येतात. त्यांची उष्णता व रबर मऊ ठेवणारी द्रव्ये यांनी लेप नरम पडतो. टायर थंड होऊन आकुंचन पावताना लेपाला चिकटून त्याला ओढतो व सकाळी गाडी हलविल्यावर चाकाच्या आकाराचा तुकडा निघून येतो. निघालेल्या तुकड्याची पाठ पाहिली असता कारण बहुधा कळते : तीवर पांढरी भुकटी असेल, तर साय काढलेली नव्हती, ती स्वच्छ व गुळगुळीत असेल, तर छिद्रे मोकळी झाली नव्हती, आणि काँक्रीटचे कण धरून आली असेल, तर लेपाने आपले काम केले, काँक्रीट दुबळे होते. लेपाला धातूची चकती चिकटवून ती यंत्राने ओढून पाहण्याच्या परीक्षेतही हाच निकष लावतात. दर चौ. मिमी.ला १.५ न्यूटन एवढा ताण देईपर्यंत लेप सुटू नये अशी अपेक्षा सामान्यतः ठेवतात.

भारतातील वापर : भारतात पारंपरिक जमिनी शहाबादी व कोटा फरशीच्या, मोझेइकच्या किंवा घोटलेल्या सिमेंटच्या असतात. त्यांना लेपाची गरज पडत नाही. एपॉक्सी लेप येथे प्रथम घरांपेक्षा कारखान्यांत रुळले. औषधनिर्मिती व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत सांधे नसलेली व धूळ न सुटणारी जमीन आवश्यक असते. अशा थरांच्या कार्यपद्धतीसाठी आयएस ४६३१ (१९८६) हे भारतीय मानक आहे. मोटार-दुरुस्तीशाळा आणि मुंबई, पुणे येथील इमारतींखालील वाहनतळ यांतही ते दिसू लागले आहेत. कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता वारंवार ८५ टक्क्यांवर जाते. त्या काळात हे काम टाळून ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करणे योग्य ठरते. उघड्या वाहनतळावर पावसात भिजलेल्या गाड्यांचे पाणी सतत ठिबकत असल्याने तेथे खरबरीतपणा न देता केलेला लेप दुचाकीस्वारांना अपायकारक ठरतो. शोभेसाठी केलेल्या कामांत याचा विसर पडल्याचे अनेकदा दिसते.

आरोग्य व सुरक्षितता : वाळलेला एपॉक्सी लेप निरुपद्रवी असला, तरी कच्चे रेझीन व कठिनक त्वचेची ॲलर्जी निर्माण करतात. एकदा ती जडली की, बहुधा आयुष्यभर राहते व अल्पशा संपर्कानेही पुरळ उठते. अशा कारागिराला आपला व्यवसाय सोडावा लागतो. हात थिनरने धुण्याची सवय विशेष वाईट. थिनरने त्वचेचे स्वाभाविक तेल निघून जाते व रेझिनाला आत शिरण्यास वाट मिळते. नायट्राइल रबराचे हातमोजे वापरणे व लागलेले रेझीन साबणपाण्याने त्वरित धुणे हाच उपाय आहे. पॉलियुरेथेनाच्या कठिनकांतील आयसोसायनेटांमुळे दमा उद्भवतो.

काँक्रीट कोरडे घासताना उडणारी धूळ सर्वांत घातक असते. तिच्यातील स्फटिकी सिलिकेचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने कामाच्या जागी अशा श्वसनीय सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घ. मी. हवेत ५० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. मजूर नाकातोंडाला गुंडाळतात ते फडके हे कण अडवू शकत नाही. यंत्राला धूळ ओढून घेणारी नळी जोडणे किंवा पाण्याखाली घासणे आणि योग्य गाळणीचा मुखवटा वापरणे आवश्यक असते.

विद्रावकयुक्त लेपांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. अमेरिकेत पाणी तापविण्याचे गॅसयंत्र पुष्कळदा गॅरेजमध्येच असते. पेट्रोलच्या वाफेच्या भीतीने त्याची ज्योत जमिनीपासून सु. ४५ सेंमी. उंचीवर असावी असा तेथील बांधकाम-नियमांचा दंडक आहे. परंतु बंद जागेत रंगकाम चालू असता तो पुरेसा नसतो व गॅस पूर्ण बंद करूनच काम करावे लागते.

जुना लेप काढण्यासाठी पूर्वी मिथिलीन क्लोराइड असलेली द्रावणे सर्रास वापरीत. हवा खेळती नसलेल्या जागी त्याच्या वाफेने मृत्यू घडल्यामुळे अमेरिकेत २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी सामान्य ग्राहकांना त्याची विक्री करण्यास बंदी घालण्यात आली. त्यानंतर यंत्राने घासून लेप काढण्यावर भर आला. तेथील घरगुती रंगांत शिसे वापरण्यास १९७८ मध्ये बंदी झाली. त्यापूर्वी रंगविलेल्या जमिनीच्या लेपात शिसे नसल्याची खात्री करून घेतल्यावाचून तो घासू नये.